रिंगा नव्या, व्हॉल्व्ह घासलेले, तरी कॉम्प्रेशन कमीच? कॅमचं टायमिंग बघा

शंभर सीसीची, आडव्या सिलिंडरची एक गाडी माझ्याकडे आली, तेव्हा तिच्यावर आधीच तीनदा खर्च झाला होता. पहिल्यांदा रिंगा बदलल्या. मग ब्लॉक बोर करून ओव्हरसाइझ पिस्टन टाकला. मग व्हॉल्व्ह, गाइड, सील सगळं नवं. दर वेळी गाडीवाल्या काकांना सांगितलं गेलं की थोडी रनिंगमध्ये बसू द्या, सुधारेल. सुधारली नाही. सकाळी पंधरा-वीस किका, चढाला दम नाही, इंजिन लवकर तापतं, सायलेन्सरमधून मधूनच फटफट. कॉम्प्रेशन गेज लावला तर 130 पीएसआय. त्याच मॉडेलची, तेवढीच जुनी पण धड चालणारी एक गाडी त्याच दिवशी त्याच गेजवर 160 दाखवत होती.

कॉम्प्रेशन कमी म्हटलं की आपलं डोकं लगेच गळतीकडे जातं: रिंगा, व्हॉल्व्ह, हेड गॅस्केट. पण गेज गळती मोजत नाही. सिलिंडरमध्ये कोंडलेली हवा दाबल्यावर किती दाब झाला, एवढंच तो सांगतो. मुळात हवा कमी कोंडली गेली असेल, तर एक थेंबही गळती नसताना काटा खाली राहतो. आणि हवा किती कोंडायची हे इनटेक व्हॉल्व्ह कधी बंद होतो त्यावर ठरतं. म्हणजे कॅमवर: पिस्टनच्या क्रँकला चेनने जोडलेला, व्हॉल्व्ह उघडणारा-मिटणारा जो दांडा, त्यावर.

इनटेक व्हॉल्व्ह पिस्टन अगदी खाली पोचल्यावर बंद होत नाही. पिस्टन परत वर निघाला तरी तो काही अंश उघडाच ठेवलेला असतो. इंजिन सहा हजार आरपीएमला फिरत असताना आत धावत येणारं मिश्रण आपल्या वेगानेच येत राहतं, म्हणून ही उशिराची मुभा फायद्याची ठरते. किक मारताना मात्र क्रँक जेमतेम काहीशे आरपीएमने फिरतो. मिश्रणाला वेगच नसतो. त्यामुळे पिस्टन वर येऊ लागला की आत आलेली थोडी हवा उघड्या व्हॉल्व्हमधून कार्ब्युरेटरकडे परत ढकलली जाते. व्हॉल्व्ह बंद झाला की तिथून खरं कॉम्प्रेशन सुरू होतं. कॅम मागे पडला तर व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, जास्त हवा परत जाते आणि गेजचा आकडा उतरतो. कॅम पुढे गेला तर उलट: आकडा चढतो. म्हणून नेहमीपेक्षा जास्त आलेल्या आकड्यावरही लगेच खूश होऊ नका.

किती उतरतो, याचा हिशोब एकदा मांडून बघण्यासारखा आहे, कारण निदानाचं अर्धं काम तिथेच होतं. स्प्लेंडरचं जुनं इंजिन घ्या: बोर 50 मिलीमीटर, स्ट्रोक 49.5, एकूण 97.2 सीसी, कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन तळाला असतानाची आणि वर असतानाची जागा यांचं गुणोत्तर) साधारण 9. समजा इनटेक व्हॉल्व्ह पिस्टन तळाला गेल्यानंतर 40 अंशांनी बंद होतो. तोवर पिस्टन सुमारे साडेचार मिलीमीटर वर आलेला असतो, म्हणजे स्ट्रोकचा नऊ टक्के भाग वाया गेलेला असतो. आता कॅमच्या स्प्रॉकेटला 28 दात असतील, तर एक दात म्हणजे कॅमचे 12.9 अंश. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून क्रँकवर ते 25.7 अंश होतात. कॅम एक दात मागे बसला की व्हॉल्व्ह 40 ऐवजी जवळपास 66 अंशांना बंद होणार. तोवर पिस्टन 12 मिलीमीटर वर आलेला असेल आणि स्ट्रोकचा पाव भाग गेलेला असेल. प्रत्यक्षात दाबणारा रेशो 8.3 वरून 7 वर येतो. गेजवर हे साधारण 18 ते 20 टक्क्यांनी कमी दिसतं. 160 चे 130.

उलट बाजूने, कॅम एक दात पुढे बसला तर आकडा दहा टक्क्यांच्या आसपास वाढतो. गाडी खालच्या वेगात जोर दाखवते, वर मात्र गुदमरते आणि ओझ्याखाली इंजिन टकटकू शकतं.

हा हिशोब दोन्हीकडून उपयोगी पडतो. काटा 60 किंवा 70 वर अडकला असेल, तर एका दाताच्या चुकीने ते होणार नाही. तिथे व्हॉल्व्ह वाकलेला, जळलेला किंवा रिंग तुटलेली असायची शक्यता मोठी. आणि चेन लांबली म्हणून कॉम्प्रेशन गेलं, हे जे सर्रास ऐकू येतं, तेही असंच तपासून बघा. पाव इंच पिचच्या टायमिंग चेनवर, 28 दातांच्या स्प्रॉकेटला, ओढीच्या बाजूला चेन एक मिलीमीटर लांबली तर क्रँकचे फक्त चार अंश मागे पडतात. त्याने आकडा दोन-तीन टक्क्यांनी हलतो, म्हणजे 160 चे 156. तेवढा फरक तर दोन किकांमध्येही पडतो. लांबलेली चेन आवाज करते, टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) संपवते, एखादे दिवशी दात उडी मारते. त्या उडीने कॉम्प्रेशन जातं. नुसत्या लांबण्याने नाही.

इथवर सगळं फोर-स्ट्रोकचं आहे. टू-स्ट्रोक आरएक्स 100 ला कॅमच नाही, त्यामुळे तिचं कॉम्प्रेशन पोर्ट, रिंगा आणि क्रँकच्या सीलवर.

आता गेजबद्दल. लहान इंजिनांत सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. 97.2 सीसीच्या, 9 रेशोच्या इंजिनात पिस्टन वर असताना वरची मोकळी जागा फक्त 12 सीसी असते. गेजच्या नळीत, अगदी प्लगच्या भोकाशी, एकमार्गी पिन असलीच पाहिजे. मोटरसायकलच्या ट्यूबला असते तशी. ती पिन नळीच्या वरच्या टोकाला, गेजपाशी असेल, तर अख्खी नळी त्या 12 सीसीत मिळवली जाते. सहा मिलीमीटर आतल्या व्यासाची एक फूट नळी म्हणजे साडेआठ सीसी. रेशो 9 चा पावणेसहा होतो! कारच्या कामासाठी आणलेला लांब नळीचा गेज शंभर सीसीच्या गाडीला लावायचा आणि आकडा कमी आला म्हणून ब्लॉक बोरला पाठवायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण त्या ब्लॉकला काहीही झालेलं नसतं.

ओल्या चाचणीचंही तसंच. प्लगच्या भोकातून चमचाभर तेल टाकायचं, आकडा वाढला तर रिंगा गेल्या, अशी जुनी पद्धत. पण चमचाभर म्हणजे पाच सीसी. ते 12 सीसीच्या जागेत गेलं तर रिंगा शाबूत असल्या तरी आकडा उडी मारणारच. लहान इंजिनात सिरिंजने एक-दीड सीसीच टाका, आणि तरीही त्या निकालावर एकट्यावर विसंबू नका.

बाकी मोजायची रीत अशी. इंजिन थोडं गरम असावं. प्लग काढून त्याला कॅप लावा आणि तो हेडवर अर्थ करून ठेवा, पण भोकापासून लांब, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. चोक बंद ठेवा, म्हणजे हवेची वाट पूर्ण मोकळी. थ्रॉटल शेवटपर्यंत पिळून धरा. व्हॅक्यूमने उचलणारा कार्ब्युरेटर असेल तर नुसतं थ्रॉटल पिळून स्लाइड वर येत नाही. एअर फिल्टरचा पाइप काढून ती बोटाने उचलून धरावी लागते. इंजेक्शनच्या गाडीत इंजेक्टरचा प्लग काढून ठेवा, नाहीतर आत पेट्रोल साठत राहील. मग काटा वाढायचा थांबेपर्यंत पाच-सहा किका. प्रत्येक मोजमाप निदान दोनदा घ्या.

आकडा कुठे मोजलाय हेही लिहून ठेवा. समुद्रकाठी रत्नागिरीत 160 दाखवणारं इंजिन सुमारे 1350 मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरात 136 च्या आसपास दाखवेल. हवेचा दाबच तिथे जवळपास 15 टक्के कमी आहे. घाटावरच्या मेकॅनिकने कोकणातल्या मित्राला फोन करून आकडे जुळवायला गेलं की गोंधळ होतो तो यामुळे.

गेज कमी दाखवतोय आणि गेज खरा आहे, एवढं ठरलं की पुढचा प्रश्न: गळती, की कमी कोंडणं? याचं उत्तर हवा भरून मिळतं. पिस्टन कॉम्प्रेशनच्या स्ट्रोकला अगदी वर आणा, म्हणजे दोन्ही टॅपेट (व्हॉल्व्हला दाबणारे दट्टे) मोकळे हलतील अशा जागी. प्लगच्या भोकात अडॅप्टर लावून पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा सोडा. सुरुवात कमी दाबाने करा. पिस्टन जरा जरी बाजूला असेल तर हवा क्रँकला फिरवते, म्हणून हात किकपासून आणि चेनपासून दूर ठेवा. आणि ऐका. कार्ब्युरेटरमधून सू ऐकू आली तर इनटेक व्हॉल्व्ह. सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट. ऑइल भरायच्या भोकातून आली तर रिंगा. थोडी फुसफुस तिथे चांगल्या इंजिनातही असते. या चाचणीत क्रँक थांबलेला असतो आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, म्हणून कॅम दातभर पुढेमागे असला तरी तिच्या निकालावर सहसा परिणाम होत नाही. हवा टिकली आणि तरी गेज कमी दाखवत असेल, तर संशय टायमिंगवर घ्या.

काकांच्या गाडीत हवा टिकली. रिंगा ठीक, व्हॉल्व्ह ठीक. झालेला सगळा खर्च वाया गेला होता हे तेव्हाच कळलं. शिवाय फिल्टरचा पाइप काढून कार्ब्युरेटरच्या तोंडाशी तळहात धरला, तर किक मारताना प्रत्येक वेळी एक फुंकर उलटी येत होती आणि हाताला पेट्रोलचा ओलसरपणा लागत होता. कॅम मागे असल्याची ही साधी, बिनपैशाची खूण आहे. थोडी उलटी फुंकर सगळ्याच गाड्यांना असते. शेजारच्या धड गाडीवर हात धरून फरक ओळखा.

मग मी मॅग्नेटची (क्रँकच्या टोकावरच्या चाकाची) टी खूण, म्हणजे पिस्टन अगदी वर असल्याची खूण, जुळवली, हेडचं झाकण काढलं आणि कॅमची खूण पाहिली. अगदी समोरासमोर नव्हती, अर्धा दात अलीकडे होती. जुनी चेन आहे, थोडी मागे पडणारच, असं म्हणून मी टायमिंग बरोबर धरलं. त्यात माझे दोन दिवस गेले. तिथेच वरचा हिशोब करायला हवा होता. कॅमचे पाच-साडेपाच अंश म्हणजे क्रँकचे जवळपास 11 अंश, आणि तेवढं मागे पडायला चेन ओढीच्या बाजूला पावणेतीन मिलीमीटर लांबावी लागते. त्या चेनचा टेन्शनर अजून निम्मासुद्धा बाहेर आलेला नव्हता. मग ते 11 अंश आले कुठून?

मुळात टी खूणच खोटी होती.

खरी टीडीसी, म्हणजे पिस्टन अगदी वर असण्याची जागा, शोधायला मॅग्नेटवर भरवसा ठेवायचा नाही. जुन्या प्लगचं चिनी मातीचं पोट फोडून काढा आणि त्यात गोल टोकाचा बोल्ट घट्ट बसवा, म्हणजे पिस्टन वर पोचायच्या आत त्याला अडेल. टॅपेट पूर्ण ढिले करा, म्हणजे व्हॉल्व्ह मध्ये येणार नाहीत. क्रँक हाताने, हळू, एका बाजूला अडेपर्यंत फिरवा आणि केसवरच्या खाचेसमोर मॅग्नेटवर खूण करा. मग दुसऱ्या बाजूने अडेपर्यंत फिरवून दुसरी खूण. दोन्हींचा बरोबर मध्य म्हणजे खरी टीडीसी. उलटं फिरवताना जोर लावू नका, चेन ढिली पडून दात सुटू शकतो. मॅग्नेटभोवती कागदाची पट्टी गुंडाळून कापली की तिची पूर्ण लांबी म्हणजे 360 अंश. त्यावरून फरक अंशात काढता येतो. काकांच्या गाडीत खरी टीडीसी आणि टी खूण यांत साधारण 15 अंशांचा फरक निघाला. टी खूण उशिरा येत होती.

मॅग्नेट पुलरने ओढून काढला. आतली अर्धचंद्राची की (मॅग्नेटला क्रँकवर जागेवर धरणारा छोटा तुकडा) कापली गेली होती, मधोमध पायरी पडलेली. कधीतरी कोणीतरी मॅग्नेटचा नट नीट आवळला नव्हता. क्रँक पुढे ओढत राहिला, जड मॅग्नेट मागे रेंगाळत राहिला आणि की चुरत गेली.

आता सगळं जुळलं. सुरुवातीला कॉम्प्रेशन गेलंच नव्हतं. मॅग्नेट मागे सरकला, पिकअपला (ठिणगीची वेळ टिपणाऱ्या सेन्सरला) खबर उशिरा मिळू लागली, ठिणगी 15 अंश उशिरा पडू लागली. म्हणून स्टार्टिंगचा त्रास, तापणं, सायलेन्सरमधली फटफट. कोणीतरी ते कॉम्प्रेशनचं दुखणं समजून हेड खोललं. परत बांधताना टी खूण जुळवली, म्हणजे क्रँक खऱ्या टीडीसीच्या 15 अंश पुढे. त्या जागी बरोबर बसलेल्या कॅमची खूण साडेसात अंश पुढे गेलेली दिसते. एक दात मागे घेतला तर साडेपाचच अंश मागे दिसते. जवळचं ते बरोबर, असं मानून दात मागे बसवला गेला. त्या दिवसापासून कॉम्प्रेशन खरोखरच कमी झालं. पुढे प्रत्येक वेळी हेड उघडलं, प्रत्येक वेळी त्याच खोट्या खुणेवर बांधलं. कितीही नवे पार्ट टाकले तरी दुखणं परत येत होतं ते यामुळे.

टायमिंग चुकायची आणखी काही कारणं पाहण्यात येतात. मॅग्नेटवर टी च्या जवळच एफ ही ठिणगीची खूण असते, आणि ती टी च्या आधी येते. घाईत एफ वर कॅम बांधला तर तो एक दात पुढे जायची भीती. चेन चढवताना ओढीच्या बाजूला ढील राहिली तर टेन्शनर लावल्यावर कॅम मागे पडतो. ढील नेहमी टेन्शनरच्या बाजूला ठेवायची. हेड किंवा ब्लॉक घासून घेतला असेल तर कॅम क्रँकच्या जवळ येतो आणि किंचित मागे पडतो, अर्ध्या मिलीमीटरला क्रँकचे दोनेक अंश. ते सोडून द्यायला हरकत नाही.

टॅपेटचं अंतर मात्र सोडून देऊ नका. इनटेकचं टॅपेट घट्ट असेल तर व्हॉल्व्ह लवकर उघडतो, उशिरा बंद होतो, आणि आकडा उतरतो. गरम झाल्यावर तो पूर्ण बसतच नसेल तर गळतीही सुरू होते. म्हणून गेज लावायच्या आधी, इंजिन थंड असताना, फिलर गेजने टॅपेट मॅन्युअलप्रमाणे लावून घ्या. हे दहा मिनिटांचं काम आहे आणि कित्येक गाड्यांचं दुखणं तिथेच संपतं.

मोठ्या सिंगल इंजिनांत डीकॉम्प्रेसर विसरू नका. जुन्या लोखंडी बुलेटला तो हाताच्या लिव्हरचा असे. नव्या बऱ्याच इंजिनांत तो कॅमवरच असतो आणि कमी वेगात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मुद्दाम जरासा उचलून धरतो. तिथे गेजचा आकडा कमीच येणार, आणि मॅन्युअलमधला आकडाही त्याच हिशोबाने दिलेला असतो. रेसिंगचा जास्त ड्युरेशनचा (व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवणारा) कॅम टाकलेल्या गाडीचंही तसंच. तिचा इनटेक मुळातच उशिरा बंद होतो, म्हणून किकवर आकडा कमी आणि वरच्या वेगात गाडी जोरात. तिची तुलना स्टॉक गाडीशी करू नका.

एकाच कॅमवर चालणाऱ्या दोन सिलिंडरच्या इंजिनात निदान सोपं होतं. दोन्ही सिलिंडर सारखेच कमी असतील तर टायमिंग किंवा अर्धवट उघडलेलं थ्रॉटल. एकच कमी असेल तर त्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह आणि रिंगा.

काकांच्या गाडीला शेवटी लागला तो एक की आणि एक हेड कव्हरचा गॅस्केट. क्रँकचा आणि मॅग्नेटचा उतरता भाग दोन्ही कोरडे पुसले, कारण तिथे तेल किंवा ग्रीस राहिलं तर मॅग्नेट पकडत नाही आणि सगळा भार त्या चिमुकल्या कीवर येतो. नवी की बसवली, नट टॉर्क रेंचने आवळला. पिस्टन अडवून टी खूण पुन्हा तपासली. आता ती खरी होती. मग कॅम एक दात पुढे घेतला, टेन्शनर लावला, टॅपेट लावले आणि क्रँक हाताने, चालायच्याच दिशेने, दोन पूर्ण फेरे फिरवला. कुठे अडत तर नाही ना, हे इथेच कळतं, कारण चुकलेल्या टायमिंगवर किक मारली तर व्हॉल्व्ह पिस्टनला लागू शकतो. दोन फेऱ्यांनंतर खुणा परत समोरासमोर आल्या.

दुसऱ्या किकला गाडी चालू झाली. गेजवरचा आकडा त्यांच्या सर्व्हिस बुकच्या मागच्या पानावर लिहून दिलाय: 158 पीएसआय, इंजिन गरम, थ्रॉटल पूर्ण, सहा किका, आणि खाली तारीख.